मुठीचं वजन

खंडव्याकडच्या लालबागेत कोणाकडे लग्न असो, बारसं असो नाहीतर तेरवी, किराणा भरायच्या आधी त्या घरची बाई विमलबाईच्या ओट्यावर येऊन टेकायची. पाहुणे किती, ताटात काय काय, एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. विमलबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत समोरच्या भिंतीकडे बघायची आणि सुरू व्हायची. डाळ इतकी, रवा इतका, तांदूळ इतके. सगळं शेरात आणि पायलीत, कारण ती तुकईथड गावची, आणि मोजायला शिकली ती आईच्या लोखंडी शेरावर. पण सिंधीपुऱ्याच्या दुकानदाराला शेर सांगून काय उपयोग? तो किलोच मागणार. मग पुढचंही तीच सांगायची. शेरभर डाळ काट्यावर इतकी भरते, शेरभर रवा त्याहून हलका, आणि शेरभर पोहे म्हणजे नुसती हवा, त्यांच्या वजनावर जाऊ नका बाई. तिचा हिशेब चुकला आणि पंगत उठायच्या आधी वरण संपलं, असं कधी कोणी ऐकलं नाही. या गोष्टीचा तिला गर्व होता, आणि का नसावा? एखादी बाई दुसरीकडे विचारून आलीय असं कळलं, तर विमलबाई तोंडभरून हसायची आणि मनात म्हणायची, राहू दे पंगत उपाशी, मग येशील.

तिचा नवरा कौतिक केळी मंडीत तुलावटी होता. तुलावटी म्हणजे माल तोलणारा. घड नुसता उचलून बघितला तरी किलोचा आकडा सांगायचा, आणि काटा बिचारा त्याच्या मागून यायचा. ही मापाने मोजणारी, तो वजनाने. त्यावरून त्यांचं जन्मभर चालायचं. "तुह्या शेरात ज्वारी किती आन् हवा किती, ते सांग आधी," असं तो म्हणायचा. "काट्यावरचा आकडा खाऊन पोट भरत नही तुमचं, माह्या शेरातलीच भाकर लागते," असं ती म्हणायची. दोघांच्या लाडाच्या गोष्टी एवढ्याच. त्याहून जास्त गोड बोलणं त्या पिढीत कोणाला येत होतं?

माणूस वाईट नव्हता कौतिक. व्यसन नाही, हात उचलणं नाही. एक खोड मात्र होती. कोणाशी वाकडं बोलायची वेळ आली की तो बायकोला पुढे करायचा. दूधवाल्याला पाणी कमी घाल म्हणायचं, तर विमलबाईने. भाडेकरूला खोली रिकामी कर म्हणायचं, तरी विमलबाईनेच. तो तेवढ्यात चप्पल शोधायला लागायचा. विमलबाईही लोकांना कौतुकाने सांगायची, त्याइले कोणाचा राग सहन होत नही बाप्पा, लई नरम जीव आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्याचे पाय सुजले. पोटरीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ भरायचा नाही. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागला. लेक भूमिका खंडव्याला दिलेली. ती येऊन बापाला तिकडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय अशक्त झालंय, अंगात पाणी साचतंय. गोळ्या आहेत, पण अर्धं औषध स्वयंपाकघरात. मीठ आणि पाणी मोजून.

पुढे आहार सांगणारी एक कोवळी मुलगी बसली होती. तिने हिंदीत समजावलं. दिवसभराचं मीठ तीन ग्रॅम, त्याच्या वर एक कणही नाही. डाळ इतके ग्रॅम, तेल इतके ग्रॅम, लोणचं-पापड विसरा.

"रोटी खाते हैं या भाकरी?"

"ज्वारी की भाकरी."

"बहुत अच्छा. आटा गूँधते समय नमक डालती हैं?"

"नहीं जी," विमलबाई म्हणाली, आणि ते खरं होतं. भाकरीचं पीठ मळताना त्यांच्याकडे कोणीच मीठ घालत नाही.

परत आल्यावर विमलबाईने तो कागद चुलीमागच्या भिंतीला चिकटवला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. ग्रॅम! किलोपर्यंत ती कधीचीच आली होती, पण पंगतीचा हिशेब वेगळा आणि एका माणसाच्या ताटाचा वेगळा. शंभर माणसांत मूठभर इकडेतिकडे झालं तर कोणाला कळतं? इथे एका माणसाचा जीव, आणि माप चिमटीचं.

भूमिकाने ऑनलाइन मागवून एक छोटा काटा पाठवला, सेलवर चालणारा, पोळपाटाएवढा. विमलबाईने त्यावर सगळं घर चढवलं. तिची ती रोजची स्टीलची वाटी. तीच वाटी, तीच शीग, पण तूरडाळीने भरली तर एक आकडा, रव्याने भरली तर दुसरा. पीठ चाळून हलक्या हाताने भरलं तर एक वजन, तेच दाबून भरलं तर भलतंच. डाळीचा जेवढा आकडा कागदावर होता, तेवढी डाळ वाटीत घालून तिने आतून खिळ्याने रेघ मारली. पाण्यासाठी कोल्ड्रिंकची रिकामी बाटली ठेवली. सकाळी भरायची, रात्रीपर्यंत तेवढीच. मिठाने मात्र रडवलं. खडे मीठ चमच्यात कसंही बसायचं, खड्यांमध्ये फटी राहायच्या, कधी काटा एक सांगायचा, कधी दुसरं. शेवटी तिने बारीक मीठ आणलं आणि खोकल्याच्या औषधाचं झाकण धुऊन घेतलं. त्याच्या आतल्या रेघेपर्यंत बारीक मीठ भरलं की बरोबर तीन ग्रॅम. रोज सकाळी तेवढं मीठ एका पुडीत काढायचं. भाजीत चिमूट, वरणात चिमूट, पुडी संपली की दिवसाचं मीठ संपलं. मोठ्या हिमतीने शिकली ती हे सगळं. भूमिकाला व्हिडिओवर झाकण दाखवलं तेव्हा भूमिका म्हणाली, "वा आई, एकदम परफेक्ट!" विमलबाई दिवसभर खुशीत होती.

कौतिकचं तोंड मात्र उतरलं. पहिला घास घेतला की तो बायकोकडे असा बघायचा, जशी तिने त्याची काही खोडी काढली आहे. भाजी मातीसारखी, वरण गरम पाण्यासारखं. तरी बोलायचा नाही. भाकरीवर मात्र तो खूश होता. "भाकर झ्याक झाली आज," म्हणायचा. भाजी वाटीत तशीच राहायची आणि भाकरीवर भाकरी जायची. "कोर दे अजून एक." विमलबाईचा जीव भांड्यात पडायचा. काही तरी खातोय माणूस! डॉक्टरही म्हणाले होते, ज्वारी चांगली. ती तव्यावरची फुगलेली भाकरी तशीच त्याच्या ताटात टाकायची. नको म्हणाला तरी आग्रह करायची. दोन्ही वेळच्या मिळून तीन, कधी चार.

तरी सूज उतरेना. दिवाळीनंतर एका पहाटे त्याला श्वासच घेता येईना. गाडी करून खंडव्याला नेलं, नळ्या लावल्या, पाणी काढलं. आठवडाभराने घरी आणला. संक्रांतीच्या सुमाराला पुन्हा तेच. या वेळी डॉक्टर जरा कमी बोलले. आधी जेवढं हृदय काम करत होतं, तेवढंही आता करत नाही, एवढं सांगितलं आणि विचारलं, नमक वाकई कम है ना?

दवाखान्याच्या पडवीत भूमिकाने आईला धरलं. पडवी म्हणजे काय, बापाच्या खाटेपासून दोन हातांवरचं दार.

"आई, सच सच सांग. बाबाची दया येऊन वरून मीठ देते ना तू?"

"देवाशपथ नही. पुडीतलं तेवढंच."

"मग हे पाणी कुठून येतंय? हवेतून? डॉक्टर मला विचारतात, मी काय सांगू? तुझं ते अंदाजाचं काम इथे नाही चालणार, समजलं? शादी का खाना नाही आहे हे!"

आजूबाजूच्या खाटांवरच्या माणसांनी माना वळवल्या. विमलबाईच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ज्या गोष्टीसाठी अख्खं लालबाग तिच्या दारात यायचं, त्याच गोष्टीवरून पोटच्या पोरीने चारचौघांत लाज काढली. तिने आत बघितलं. नाकाला नळी लावलेला कौतिक छताकडे बघत होता.

घरी आल्यावर तिने स्वतःचीच झडती सुरू केली. काट्याचे सेल बदलले. झाकण पुन्हा पुन्हा तोललं. मग संशय नवऱ्यावर गेला. लोणच्याच्या बरणीतल्या तेलाला बाहेरून खूण करून ठेवली, खाली जाते का बघायला. तो झोपला की त्याची बोटं हुंगली. कुठेच काही नाही. रात्ररात्र तिला एकच वाटायचं, माझ्या हातूनच काही तरी होतंय, आणि काय होतंय तेच मला दिसत नाही. डोळ्यांत तेल घालून मोजणाऱ्या बाईच्या हातून तिचा माणूस चाललाय. कोणाला सांगायचं हे?

घरातलं पीठ संपलं आणि ती नवं दळण काढायला बसली तेव्हा दुपार होती. कौतिक पुढच्या खोलीत खाटेवर टेकला होता. विमलबाईने डबा पुढे ओढला. भाकरी त्यांच्याकडे कळण्याची. दोन शेर ज्वारी, अर्धा शेर काळे उडीद, एकत्र दळून आणायचे. भूमिकाने बजावलं होतं, आई, आता जे घरात शिजतं ते सगळं तोल, पहिल्यापासून. म्हणून काटा शेजारी घेतला. ज्वारी शेराने मोजली आणि काट्यावरही बघितली. उडीद मोजले, तेही बघितले. मग तिचा हात आपोआप मागच्या मडक्यात गेला आणि खड्या मिठाची मूठ भरून वर आला.

कळण्यात दळतानाच मीठ घालतात. तिची आई घालायची, सासू घालायची. शेराला एक मूठ. त्याला कोणी मीठ घातलं असं म्हणतच नाही. ते दळणाचं असतं, जेवणाचं नसतं. मळताना घालता का, असं कोणी शंभर वेळा विचारलं असतं, तरी तिने शंभर वेळा नाहीच म्हटलं असतं. काटा समोर नसता तर ती मूठही नेहमीसारखी ज्वारीत पडली असती.

तिने मूठ काट्यावर सोडली. साठ. दुसरी मूठ भरली आणि सोडली. एकशे वीस.

हिशेब तिला नवा नव्हता. एवढ्या पिठाच्या भाकरी किती होतात हे तिच्या हाताला पाठ होतं. चाळीस. एकशे वीस ग्रॅम मीठ चाळीस भाकरींत. एका भाकरीत तीन. ती पुडी, ते झाकण, ती रेघ, सगळं एका भाकरीत. आणि तो तीन तीन खात होता, आणि ती वाढत होती, वरून आग्रह करत होती.

विमलबाई तिथेच भिंतीला टेकली. उन्हाळ्यापासून संक्रांतीपर्यंत किती दळणं झाली, ते मोजायला तिने नकार दिला. आपणच मारलं ह्याला, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. मग ती उठली आणि काटा तसाच मिठासकट उचलून पुढच्या खोलीत आली. ही गोष्ट मनात ठेवून त्या माणसाच्या शेजारी निजणं तिला शक्य नव्हतं.

"भूमिकाचे बाबा," ती म्हणाली. "माह्याच हातून झालं हो. कळण्यात मीठ असते. माह्या ध्यानातच नही आलं. मीच तुम्हाले..."

कौतिकने काट्याकडे बघितलं. मग आपल्या पायांकडे.

"म्हाईत व्हतं मले," तो म्हणाला.

"काय म्हाईत व्हतं?"

"कळण्यात मीठ असते ते. जन्मभर दळण कोण नेत व्हतं निरंजनच्या चक्कीवर? खारं दळण तो सगळ्याइच्या मागून घेते, दुसऱ्याचं पीठ खारं होऊ नये म्हून. तासतास बसलो मी तठी. मले म्हाईत नही राहणार?"

विमलबाईला क्षणभर कळेचना की हा काय सांगतोय.

"पहिल्या दिवसापासून?"

"भाजी गिळवत नव्हती, वरण गिळवत नव्हतं. भाकर तेवढी तोंडाले लागत व्हती. तेही सांगून टाकलं असतं, त मंग काय खाल्लं असतं मी?"

"जीव जात व्हता तुमचा!"

"तो तसाही जाऊनच राहिला."

"आन् मी? खंडव्याले पोरीनं मले काय काय म्हटलं, ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं."

"मंग?"

कौतिकने चादर गुडघ्यांवर ओढून घेतली.

तिला रडू आलं नाही. राग आला, आणि एवढा राग आला की तिला स्वतःचीच भीती वाटली. आजारी माणसाला मिठाची वासना होते, हे तिला समजत होतं. तो लपून लोणचं खाताना सापडला असता तर तिने चार शिव्या देऊन माफ केलं असतं. पण ही सगळी खटपट, ती रेघ मारलेली वाटी, ती सकाळची पुडी, झोपेत त्याची बोटं हुंगणं, हे सगळं तो बघत होता. ताकास तूर लागू न देता बघत होता. त्याने एक शब्द टाकला असता तर तिची रात्रीची झोप तरी वाचली असती.

तिने नुसत्या ज्वारीचं, बिनमिठाचं दळण पाठवलं. त्या भाकरीचे दोन घास खाऊन कौतिकने ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होते.

रविवारी भूमिका नवऱ्याची गाडी घेऊन आली. बापाचे पाय दाबून बघितले आणि विचारलं, काही सापडलं का. विमलबाईने सापडलं ते सांगितलं. कळणं, मूठ, एकशे वीस, सगळं. "माह्या ध्यानातच आलं नही," म्हणाली, आणि थांबली.

मुद्दाम थांबली. पुढचं तिला सांगता आलं असतं. पण तिने सांगितलं असतं तर ते गाऱ्हाणं झालं असतं, आजारी नवऱ्याची चहाडी. त्याने आपल्या तोंडाने सांगितलं असतं तर तिला जन्माचं मिळालं असतं. फार नाही, एवढंच की, पोरी, आईले बोलू नको, मले म्हाईत व्हतं. तिने त्याच्याकडे बघितलं. कौतिक पायाची बोटं निरखत होता.

"सात-आठ महिने!" भूमिकाचा आवाज चढला. "आई, तू सात-आठ महिने बाबांना हातानं मीठ चारलं! आणि मला झाकण दाखवत होती! अरे, इतकी काय भोळी असते का कोणी?" मग तिलाच रडू फुटलं. रडता रडताच तिने ठरवून टाकलं. बाबा आजच्या आज खंडव्याला येतील. तिकडे ती स्वतः बघेल त्यांच्या खाण्याचं. "तू इथेच रहा काही दिवस. प्लीज. तू आलीस की किचनमध्ये जाशील, आणि मला ते टेन्शन नको आता."

विमलबाईने पुन्हा कौतिककडे बघितलं. आता तरी. कौतिक म्हणाला, "माह्या गोळ्याइचा डबा घेजो."

भूमिका पिशवी गाडीत ठेवायला गेली. विमलबाईने त्याचे मोजे आणले, खाली बसली आणि सुजलेल्या पावलांवर हळूहळू चढवायला लागली.

"सांगा ना तिले," मान वर न करता ती म्हणाली. "अजूनही सांगा. मले वेगळं काही नही पाहिजे."

कौतिक अगदी खालच्या आवाजात, जसं काही समजूतच घालतोय, तसं म्हणाला, "ती माह्यावर चिडन, विमल. तिचं बोलणं तुले सहन होते. मले नही होत."

तिने दुसरा मोजा चढवला. त्याला उठवलं. ओट्याच्या पायऱ्या उतरताना त्याने सवयीप्रमाणे तिच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळा भार तिच्यावर सोडला. तिचा पाय क्षणभर डगमगला.

"आई, नीट धर ना त्यांना," गाडीचं दार उघडत भूमिका म्हणाली.